बॅटरीच गाडीचा सांगाडा झाली तर? इलेक्ट्रिक गाडीतलं वजन, हलके धातू आणि दुरुस्तीचा हिशेब

पेट्रोल गाडीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल भरलं तर गाडीचं वजन साधारण ३० किलोने वाढतं, आणि टाकी रिकामी होत जाईल तसं ते कमी होतं. इलेक्ट्रिक गाडीत असं होत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असो की रिकामी, तिचं वजन तेवढंच राहतं. मध्यम आकाराच्या चारचाकीत हे वजन साधारण ३०० ते ५०० किलो भरतं. म्हणजे पाच-सहा माणसं गाडीत कायमची बसलेली, आणि त्यातला एकही कधी उतरणार नाही.

हा बोजा कमी करण्यासाठी वाहन कंपन्या दोन मार्गांनी कामाला लागल्या आहेत. पहिला मार्ग जुना आहे: स्टीलच्या जागी ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असे हलके धातू वापरायचे. दुसरा मार्ग गेल्या पाच-सहा वर्षांतला आहे: बॅटरीलाच गाडीच्या सांगाड्याचं काम करायला लावायचं. याला स्ट्रक्चरल बॅटरी पॅक म्हणतात. शोरूममध्ये 'सेल-टू-पॅक', 'सेल-टू-बॉडी' असे शब्द आता कानावर पडतात, ते याच घराण्यातले.

दोन्ही मार्गांनी वजन खरोखर कमी होतं. पण कारखान्यात वाचलेला खर्च काही वेळा गॅरेजात आणि विम्याच्या हप्त्यात परत उभा राहतो. म्हणून हे तंत्र काय आहे आणि गाडी घेताना त्याचा आपल्याशी काय संबंध येतो, हे एका जागी मांडायचा हा प्रयत्न आहे.

वजन वाढलं की काय काय वाढतं

एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॅट-अवर ऊर्जा असते. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरी पॅकमध्ये एका किलोला १५० वॅट-अवरच्या आसपास मिळते. मोटर ही इंजिनपेक्षा कितीतरी जास्त कार्यक्षम असल्यामुळे फरक थोडा भरून निघतो, पण तरीही बॅटरी जड ती जडच.

आता चक्र बघा. रेंज वाढवायची तर बॅटरी मोठी हवी. बॅटरी मोठी केली की वजन वाढतं. वजन पेलायला स्प्रिंग, ब्रेक, टायर, चासी दणकट लागतात. त्यांचंही वजन वाढतं, मग तीच रेंज टिकवायला बॅटरी आणखी मोठी करावी लागते. हे चक्र उलटंही फिरतं. बॉडीतून १०० किलो काढले तर ब्रेक, सस्पेन्शन आणि बॅटरी हे सगळं थोडं थोडं लहान करता येतं.

वजनाचा फटका सगळीकडे सारखा बसत नाही. हायवेवर एकसारख्या १०० च्या वेगाने जाताना सगळ्यात मोठा अडथळा हवेचा असतो, वजनाचा नव्हे. शहरात थांबत-सुटत जाताना आणि घाट चढताना मात्र वजन जाणवतं. एक साधा हिशेब मांडू. ६०० मीटर उंचीचा घाट चढायचा असेल तर गाडीतल्या प्रत्येक जादा १०० किलोसाठी ०.१६ युनिट वीज लागते. मोटर आणि वायरिंगमधली तूट धरली तर ती ०.२ युनिटच्या जवळ जाते. सपाट रस्त्यावर लहान गाडी तेवढ्या विजेत साधारण दीड किलोमीटर जाते. उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे यातला काही भाग परत मिळतो, सगळा नाही.

एका फेरीला दीड किलोमीटर ही रक्कम किरकोळ वाटेल. पण गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चालते आणि टायरची झीजही वजनाबरोबर वाढते. शिवाय कंपनीच्या दृष्टीने खरा फायदा वेगळाच असतो: तीच रेंज लहान बॅटरीत मिळाली की गाडीची किंमत उतरते.

स्टील, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम

एक लिटर मापाचा स्टीलचा ठोकळा ७.८५ किलो भरतो. ॲल्युमिनियमचा २.७ किलो आणि मॅग्नेशियमचा १.७४ किलो. एवढंच बघितलं तर ॲल्युमिनियमची गाडी स्टीलच्या एक-तृतीयांश वजनात व्हायला हवी. तसं होत नाही.

कारण ॲल्युमिनियमचा ताठपणाही स्टीलच्या एक-तृतीयांशच आहे. सळई सरळ ओढायची असेल तर किलोमागे स्टील, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम तिघांचा ताठपणा जवळपास सारखा भरतो. हलक्या धातूचा फायदा मिळतो तो वाकण्याला विरोध करताना. वजन कमी असल्यामुळे पत्रा जाड घेता येतो आणि जाडी थोडी वाढली तरी वाकण्याला होणारा विरोध कितीतरी वाढतो. म्हणून बॉनेट, दरवाजे, जमिनीचा भाग, बॅटरीची पेटी अशा ठिकाणी ॲल्युमिनियम वापरलं तर प्रत्यक्षात साधारण ३० ते ४५ टक्के वजन वाचतं.

ही कल्पना नवी नाही. जनरल मोटर्सने १९९६ साली अमेरिकेत आणलेल्या ईव्ही-१ या इलेक्ट्रिक गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता आणि तो फक्त १३२ किलोचा होता. सीटच्या चौकटीत मॅग्नेशियम वापरलं होतं. पण तिची शिसे-आम्ल बॅटरी ५३० किलोच्या घरात होती. सांगाड्याच्या चौपट वजन बॅटरीचं! टेस्लाच्या २०१२ मधल्या मॉडेल एसची बॉडीही मुख्यतः ॲल्युमिनियमची होती. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आय-३ आणली, तिच्यात प्रवाशांचा कप्पा कार्बन फायबरचा आणि खालची चौकट ॲल्युमिनियमची होती. गाडी हलकी झाली, पण कार्बन फायबर महाग पडलं आणि २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

मॅग्नेशियमचं कौतुक ऐकायला मिळतं, पण वापर मोजकाच होतो. स्टिअरिंगच्या आतला सांगाडा, सीटची चौकट, डॅशबोर्डमागचा आडवा बीम अशा आतल्या, कोरड्या जागी तो चालतो. खारट हवा आणि पाणी लागलं की तो लवकर गंजतो. मशीनिंग करताना त्याचा कीस पेटण्याचा धोका असतो. शिवाय जगातलं बहुतेक मॅग्नेशियम एकट्या चीनमधून येतं, त्यामुळे पुरवठ्याची काळजी असते.

स्टीलही गप्प बसलेलं नाही. तापवून दाबलेलं बोरॉन स्टील १५०० मेगापास्कलपर्यंत ताण सहन करतं. दरवाजांमधल्या खांबांसाठी, जिथे धडकेत आत घुसणं अजिबात चालत नाही, तिथे आजही तेच वापरतात. म्हणजे 'ॲल्युमिनियमची गाडी' म्हटलं तरी प्रत्यक्षात ती मिश्र धातूंचीच असते.

मिश्रणाची स्वतःची डोकेदुखी आहे. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना नेहमीसारखे वेल्ड होत नाहीत. रिव्हेट आणि चिकटद्रव्य वापरावं लागतं. दोन धातूंच्या मध्ये खारट ओल शिरली तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गोवा आणि कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. कारखान्यातलं कोटिंग शाबूत आहे तोवर प्रश्न येत नाही. अपघातानंतर दुरुस्तीत ते कोटिंग आणि सीलंट नीट परत लावलं नाही, तर पुढच्या दोन पावसाळ्यांत परिणाम दिसू लागतो.

सेल, मॉड्यूल, पॅक: डब्यात डबा

बॅटरीची रचना समजली की पुढचं सगळं सोपं होतं. सगळ्यात लहान घटक म्हणजे सेल. अनेक सेल एका चौकटीत बांधले की मॉड्यूल. अनेक मॉड्यूल एका मोठ्या पेटीत बसवले की पॅक. आणि तो पॅक गाडीच्या तळाला बोल्टने लावायचा. मॉडेल एसच्या ८५ युनिटच्या पॅकमध्ये सात हजारांहून अधिक सेल १६ मॉड्यूलमध्ये बसवलेले होते.

या रचनेत प्रत्येक डब्याला स्वतःच्या भिंती आल्या, झाकण आलं, स्क्रू आले. जुन्या पद्धतीच्या पॅकमध्ये साधारण ३० ते ४० टक्के वजन सेलचं नसतं, या डब्यांचं, वायरिंगचं आणि थंड ठेवणाऱ्या नळ्यांचं असतं. वर गाडीचा स्वतःचा पत्र्याचा तळ वेगळाच. म्हणजे पॅकचं झाकण आणि गाडीचा तळ, एकाला एक चिकटून दोन भिंती. घराला लागून घर बांधलं आणि मधली भिंत दोघांनीही वेगवेगळी घातली, असा प्रकार.

पहिली काटछाट मॉड्यूलवर झाली. सेल थेट पॅकमध्ये बसवायचे, मधला डबा काढून टाकायचा. हे सेल-टू-पॅक. चीनच्या सीएटीएलने २०१९ मध्ये ते बाजारात आणलं. मार्च २०२० मध्ये बीवायडीने ब्लेड बॅटरी दाखवली. तिचे सेल सुमारे ९६ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर उंच आणि फक्त साडेतेरा मिलिमीटर जाड आहेत. पातळ पट्ट्यांसारखे हे सेल पॅकच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात आणि तेच आडव्या तुळयांचं काम करतात.

विमानाच्या पंखातून आलेली कल्पना

दुसरी काटछाट गाडीच्या तळावर झाली. २२ सप्टेंबर २०२० रोजी टेस्लाच्या 'बॅटरी डे' कार्यक्रमात इलॉन मस्क यांनी स्ट्रक्चरल पॅक मांडताना विमानाचं उदाहरण दिलं. सुरुवातीच्या विमानांत पंखात इंधनाची वेगळी टाकी ठेवत. पुढे पंखच आतून सील करून टाकी बनवली गेली, वेगळी टाकी गेली आणि वजन वाचलं. बॅटरीचंही तसंच करायचं, अशी ती मांडणी होती. या रचनेने गाडीचं वजन १० टक्के कमी होईल, रेंजमध्ये १४ टक्के वाढीला वाव मिळेल आणि ३७० सुटे भाग कमी होतील, असा कंपनीचा दावा होता. हे आकडे कंपनीचे आहेत, हे लक्षात ठेवायचं.

२०२२ पासून टेक्सासच्या कारखान्यातल्या काही मॉडेल वाय गाड्यांत हा पॅक आला. ४६ मिलिमीटर व्यासाचे आणि ८० मिलिमीटर उंचीचे सेल उभे लावलेले, वर-खाली पत्रा आणि मधल्या सगळ्या फटींत घट्ट होणारा पॉलीयुरेथेन फोम. पुढच्या सीट थेट पॅकच्या झाकणावर बसवलेल्या. हा पॅक खाली काढला तर सीटही त्याच्याबरोबर खाली येतात आणि गाडीला तळच उरत नाही.

हे ताठ कसं होतं, ते पुठ्ठ्याच्या खोक्यावरून कळतं. खोक्याच्या भिंतीत दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद असतो. तिन्ही कागद सुटे असताना सहज वाकतात, चिकटवल्यावर वाकत नाहीत. स्ट्रक्चरल पॅकमध्ये वरचा आणि खालचा पत्रा म्हणजे सपाट कागद, आणि सेल व फोम म्हणजे मधला नागमोडी कागद. बॅटरी तर गाडीत न्यायचीच होती. तिला भार उचलण्याचं दुसरं काम दिलं आणि त्या कामासाठी लागणारा वेगळा धातू वाचला.

बीवायडीने मे २०२२ मध्ये सील या गाडीत सेल-टू-बॉडी रचना आणली. तिच्यात पॅकचं वरचं झाकण हाच गाडीचा तळ आहे. या गाडीला एक अंशाने पिळायला ४०,५०० न्यूटन-मीटर एवढा जोर लागतो, असं कंपनी सांगते. सील मार्च २०२४ पासून भारतातही विकली जाते.

याच्या अगदी उलट विचार करणारेही आहेत. चीनची नियो कंपनी पॅक काही मिनिटांत काढून दुसरा बसवून देते. तिथे पॅक सुटा राहणं हाच धंद्याचा पाया आहे. आपल्याकडे दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरी स्वॅपिंगचंही तेच. जी बॅटरी सहज निघते तिच्यावर गाडीचा सगळा भार टाकता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम मागून चालत नाही.

एका ओतकामात मागचा अर्धा तळ

स्ट्रक्चरल पॅकला पुढे आणि मागे जोडायला तेवढीच ताठ चौकट हवी. इथे हलका धातू आणि नवी बॅटरी एकत्र येतात. टेस्लाने मॉडेल वायच्या मागच्या तळातले सुमारे ७० पत्र्याचे तुकडे काढून तिथे ॲल्युमिनियमचं एक मोठं ओतकाम बसवलं. त्यासाठी इटलीच्या इद्रा कंपनीचं ६,००० टन दाबाचं डाय-कास्टिंग मशीन वापरलं. मिश्रधातूही असा निवडला की ओतल्यानंतर त्याला हीट ट्रीटमेंट लागू नये, कारण एवढा मोठा पातळ भाग भट्टीत घातला तर तो वेडावाकडा होतो. शाओमीच्या एसयू-७ गाडीत ९,१०० टनांच्या मशीनवर ७२ तुकड्यांच्या जागी एक भाग बनतो.

वेल्डिंगचे रोबो कमी झाले, कारखान्यातली जागा वाचली, माप अचूक आलं. पण साचा प्रचंड महाग असतो, डिझाइन बदललं की तो वाया जातो, आणि ओतकामात हवेचा बुडबुडा राहिला तर अख्खा भाग भंगारात जातो. फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडच्या गाड्यांत काय आहे

भारतात बहुतेक इलेक्ट्रिक चारचाकी पेट्रोल मॉडेलवरून बेतलेल्या पद्धतीने सुरू झाल्या. जानेवारी २०२० मध्ये आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही ३०.२ युनिटची होती, पॅक तळाला बोल्टने लावलेला. वजनाच्या दृष्टीने ही आदर्श रचना नाही, पण पॅक स्वतंत्र असल्यामुळे काढता-घालता येतो. त्यानंतर खास इलेक्ट्रिकसाठी बेतलेल्या प्लॅटफॉर्मवर गाड्या आल्या: टाटाची पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये आणि महिंद्राच्या बीई-६ व एक्सईव्ही-९ई नोव्हेंबर २०२४ मध्ये. महिंद्राच्या या गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात. त्यांत ५९ आणि ७९ युनिटचे एलएफपी प्रकारचे पॅक आहेत आणि रचना सेल-टू-पॅक आहे.

इथे आपल्या भागाचा एक धागा जुळतो. बेळगावकरांना हिंदाल्को म्हटलं की इथला ॲल्युमिनाचा कारखाना आठवतो. त्याच कंपनीने चाकणला ॲल्युमिनियमच्या बॅटरी पेट्या बनवायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये महिंद्राच्या या दोन गाड्यांसाठी पहिल्या १०,००० पेट्या दिल्या. स्टीलच्या पेटीपेक्षा ही पेटी ४० टक्क्यांपर्यंत हलकी असल्याचं कंपनी सांगते.

अशा पेट्या साधारणपणे साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या जोडून बनतात. जोडण्यासाठी फ्रिक्शन स्टर वेल्डिंग वापरतात. यात धातू वितळत नाही. फिरणारी पिन सांध्यातून घुसळत नेतात आणि घर्षणाने मऊ झालेला धातू एकजीव होतो. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये ही पद्धत निघाली. कडेच्या पोकळ पट्ट्या बाजूने खांबाची धडक बसली तर चुरगळतात आणि सेलपर्यंत मार पोहोचू देत नाहीत.

सुरक्षेच्या बाजूने दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. चारचाकीसाठी एआयएस-०३८ आणि दुचाकीसाठी एआयएस-१५६ या नावाने ते ओळखले जातात. दुसरं म्हणजे २०२३ पासून भारत एनकॅप ही धडक-चाचणी सुरू झाली असून तिचे गुण जाहीर असतात. एलएफपी सेल निकेलवाल्या सेलपेक्षा उष्णता जास्त सहन करतात, पण त्याच वजनात ऊर्जा कमी साठवतात. म्हणून एलएफपी वापरणाऱ्या कंपन्यांना मधले डबे काढून जागा आणि वजन वाचवण्याची गरज जास्त भासते.

दुरुस्तीच्या खात्यावर काय येतं

आता खर्चाची बाजू. जुन्या रचनेत एखादं मॉड्यूल बिघडलं तर पॅक उघडून तेवढं बदलता येतं. मॉड्यूल काढून टाकल्यावर हा पर्याय अवघड होतो. सेल चिकटद्रव्याने बसवलेले असतात. फोम भरलेल्या पॅकमध्ये तर एक सेल काढायचा म्हणजे आजूबाजूचं खणून काढायचं. व्यवहारात अख्खा पॅकच बदलावा लागतो, आणि पॅक हा गाडीतला सगळ्यात महाग भाग.

२०२३ मध्ये रॉयटर्सने अमेरिका-युरोपातल्या विमा कंपन्यांविषयी बातमी दिली होती. बॅटरीला किरकोळ मार बसलेल्या, फारशा न चाललेल्या इलेक्ट्रिक गाड्याही तिथे थेट भंगारात काढल्या जात होत्या, कारण आतलं नुकसान तपासायला आणि दुरुस्त करायला खात्रीचा मार्ग नव्हता. त्याचा भार शेवटी सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो.

आपल्या रस्त्यांवर हा प्रश्न तळाच्या बाजूने येतो. उंच गतिरोधक, पावसात उखडलेला रस्ता, घाटात पडलेला दगड. पेट्रोल गाडीला तळाला मार बसला तर सायलेन्सर किंवा ऑइल चेंबरवर निभावतं. इथे खाली बॅटरीच असते. बहुतेक पॅकना खालून जाड संरक्षक पत्रा असतो आणि साध्या घासण्याने काही होत नाही. पण खोलवर पोचा आला असेल तर गाडी तशीच चालवत न राहता अधिकृत केंद्रात दाखवायला हवी.

ॲल्युमिनियम बॉडीचं डेंटिंगही वेगळं आहे. स्टीलचा पत्रा ठोकून मूळ जागी येतो, ॲल्युमिनियम ताणलं जातं आणि तडकतं. हत्यारं वेगळी ठेवावी लागतात, कारण स्टीलचे कण त्यात रुतले की गंजाची सुरुवात होते. मोठ्या ओतकामाला तडा गेला तर तो भाग पूर्ण बदलणं किंवा कंपनीने ठरवलेल्या जागीच कापून नवा जोडणं, एवढेच मार्ग असतात. गल्लीतल्या गॅरेजवाल्याच्या हातात यातलं फार काही उरत नाही.

शेवट भंगाराचा. केंद्राने २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले आणि जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ॲल्युमिनियमला भंगारात चांगला भाव असतो, कारण ते परत वितळवायला नव्या धातूच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. मात्र चिकटवलेले सेल आणि फोम सोडवणं हे भंगारवाल्यासाठी जिकिरीचं आणि धोक्याचं काम आहे. घरी किंवा साध्या भंगार दुकानात पॅक फोडणं जिवावर बेतू शकतं.

कोल्हापूर-बेळगावच्या फौंड्र्यांसाठी याचा अर्थ

शिरोली, गोकुळ शिरगावपासून बेळगावच्या उद्यमबागेपर्यंतचा पट्टा बिडाच्या ओतकामावर उभा आहे. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्सची हाउसिंग ही नेहमीची कामं. बॅटरीवरच्या गाडीत इंजिन नाही, क्लच नाही आणि गिअरबॉक्स अगदी छोटा. मोटरचं आणि इन्व्हर्टरचं कवच ॲल्युमिनियमचं.

ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांची मागणी राहणार आहे, आणि ब्रेक डिस्क आजही बिडाचीच असते. पण नव्याने येणारं काम ॲल्युमिनियमच्या डाय-कास्टिंगचं आहे. त्याला वाळूचा साचा आणि क्यूपोला चालत नाही. उच्च दाबाचं मशीन, स्टीलची डाय, व्हॅक्यूम आणि एक्स-रे तपासणी लागते. सहा-नऊ हजार टनांचं मशीन मध्यम कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचं आहे. मोटर हाउसिंग, ब्रॅकेट, बॅटरी पेटीचे कोपरे असे लहान-मध्यम भाग मात्र त्याहून कितीतरी लहान मशीनवर निघतात. मोठ्या ओतकामाची भीती घेऊन बसण्यापेक्षा या भागांकडे बघणं फायद्याचं आहे.

पुढचं पाऊल: तंतूच बॅटरी

आजचा स्ट्रक्चरल पॅक म्हणजे सेल आणि चौकट यांची चांगली सोयरीक. स्वीडनमधल्या चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठात प्रा. लाइफ आस्प यांचा गट याच्या पुढे गेला आहे. त्यांच्या बॅटरीत कार्बन फायबर स्वतःच इलेक्ट्रोड आहे आणि भारही तोच उचलतो. २०२१ मध्ये त्यांनी किलोला २४ वॅट-अवर ऊर्जा आणि २५ गिगापास्कल ताठपणा गाठला. २०२४ मध्ये हे आकडे ३० आणि ७० झाले. ७० गिगापास्कल म्हणजे ॲल्युमिनियमइतका ताठपणा. ऊर्जा अजून आजच्या पॅकच्या एक-पंचमांशच आहे. पण दरवाजा आणि छतच वीज साठवू लागलं तर वेगळी बॅटरी लहान होईल, असा तो विचार आहे. हे अजून प्रयोगशाळेतच आहे.

गाडी घेताना विचारायचे प्रश्न

शोरूममध्ये रेंज आणि सनरूफबद्दल सगळेच विचारतात. त्याबरोबर एवढंही विचारून घ्यावं:

१. पॅकमध्ये मॉड्यूल आहेत का? एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, की पूर्ण पॅक?

२. पूर्ण पॅकची आजची किंमत किती? ती लेखी मिळेल का?

३. वॉरंटीत काय येतं? अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, पण खालून बसलेला मार हा सहसा अपघात धरला जातो. तो विम्याकडे जातो.

४. विम्यात बॅटरीसाठी वेगळं संरक्षण घेतलं आहे का? झिरो डेप्रिसिएशनमध्ये बॅटरी धरली आहे का?

५. पॅक उघडण्याची सोय असलेलं जवळचं केंद्र कुठे? चंदगडच्या ग्राहकाला बेळगाव जवळ पडतं, सावंतवाडीच्या ग्राहकाला गोवा. दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात वॉरंटी आणि कॅशलेस विमा चालतो का, हे आधीच पक्कं करावं.

६. बॉडीत ॲल्युमिनियम कुठे आहे, आणि त्याचं काम करणारं वर्कशॉप त्या केंद्राकडे आहे का?

७. पूर्ण भार घेतल्यावर ग्राउंड क्लिअरन्स किती राहतो?

रोज ठरलेल्या शहरी मार्गावर फिरणाऱ्याला हलकी, ताठ, नव्या रचनेची गाडी फायद्याची ठरेल. ज्याची गाडी शेतरस्त्यावरून, घाटातून आणि सर्व्हिस सेंटरपासून शंभर किलोमीटर दूर चालते, त्याने बोल्टने निघणारा, मॉड्यूलचा पॅक असलेली गाडी निवडली तर थोडं जास्त वजन वाहिलं तरी व्यवहार तोट्याचा नाही. पॅकच्या किमतीचं आणि वॉरंटीचं उत्तर मात्र तोंडी न घेता कोटेशनवर लिहून घ्यावं.